मायक्रोमीटरचा व्यवहार: प्रकाशीय मॉड्युलेटरच्या मापांचा इतिहास

लेसरमधून निघणाऱ्या अखंड प्रकाशावर माहितीचा ठसा उमटवणाऱ्या उपकरणाला प्रकाशीय मॉड्युलेटर म्हणतात. विजेच्या रूपात आलेल्या संदेशाबरहुकूम प्रकाशाची तीव्रता कमीजास्त करणे, किंवा त्याची कला, म्हणजे तरंगाचे शिखर ज्या क्षणी येते ती वेळ, मागेपुढे सरकवणे, एवढेच त्याचे काम असते. मात्र ते सेकंदाला अब्जावधी वेळा, आणि शक्य तितक्या कमी विजेवर करावे लागते. या उपकरणाचा इतिहास सहसा पदार्थांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी फॉस्फेटाचे स्फटिक, मग लिथियम नायोबेट, मग सिलिकॉन. ही मांडणी चुकीची नाही, पण तिच्यात मूळ कारण झाकले जाते. एक पदार्थ मागे पडून दुसरा पुढे आला तो बहुधा कोणत्या तरी मापाची अडचण सोडवण्यासाठी, आणि स्फटिकाची लांबी, प्रकाशाच्या वाटेची रुंदी, दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर, धातूच्या थराची जाडी या चार मापांपैकी एक साधले की उरलेल्या तिघांपैकी कोणाचे तरी देणे वाढत गेले. गेल्या साठ वर्षांतली प्रगती म्हणजे या देण्याघेण्याचा हिशेब आहे.

ज्या भौतिक परिणामांवर हे उपकरण उभे आहे ते एकोणिसाव्या शतकातले आहेत. विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या काचेतून आणि द्रवातून जाणाऱ्या प्रकाशावर त्या क्षेत्राचा परिणाम होतो, हे जॉन केर या स्कॉटिश भौतिकीविदाने १८७५ मध्ये दाखवले. तो परिणाम क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. काही विशिष्ट स्फटिकांत मात्र अपवर्तनांक, म्हणजे निर्वातातला प्रकाशाचा वेग आणि पदार्थातला वेग यांचे गुणोत्तर, क्षेत्राच्या सरळ प्रमाणात बदलतो. १८९३ मध्ये फ्रिड्रिख पॉकेल्स यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले. केरच्या तत्त्वावर चालणारी, नायट्रोबेंझीन भरलेली प्रकाशझडप १९२० च्या दशकात जर्मनीत ऑगस्ट कारोलुस यांनी चित्रप्रेषणासाठी वापरली, पण अशा झडपांना मोठे विभवांतर लागे आणि त्यांच्याजोगा प्रकाशस्रोतही नव्हता. तो स्रोत १९६० मध्ये लेसरच्या रूपाने मिळाला, तेव्हा हे दोन्ही जुने परिणाम पुन्हा प्रयोगशाळेच्या टेबलावर आले.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेला लेसरच्या प्रकाशावर संदेश चढवण्याचा प्रश्न जवळचा होता, कारण टेलिफोनचे वाढते संभाषण वाहून नेण्यासाठी सूक्ष्मतरंगांच्या पुढचा वाहक तिला हवा होता. या कामासाठी पुढे आलेला लिथियम नायोबेट हा स्फटिक निसर्गात सापडत नाही. त्याचे विद्युतीय वैशिष्ट्य बर्न्ड मॅथियास आणि जोसेफ रेमेइका यांनी १९४९ मध्ये नोंदवले होते, परंतु वितळलेल्या द्रवातून बीज-स्फटिक हळूहळू वर ओढत मोठा, निर्दोष स्फटिक वाढवण्याची चोक्रालस्की पद्धत त्याला लागू पडते हे बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट बॉलमन यांनी १९६५ मध्ये दाखवले, आणि त्यानंतरच तो खऱ्या अर्थाने कामाचा झाला. पॉकेल्स परिणाम त्याच्यात चांगला दिसतो असे म्हणतात, पण हे ‘चांगला’ किती लहान आहे ते आकड्यात पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. दूरसंचारात आज वापरल्या जाणाऱ्या १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी या स्फटिकाचा अपवर्तनांक सुमारे २.१४ आहे. १० मायक्रोमीटर अंतरावर ५ व्होल्ट लावले, तर तो जेमतेम ०.००००८ ने हलतो. असा स्फटिक १ सेंटिमीटर लांब असेल आणि सगळा प्रकाश त्या क्षेत्रातूनच जात असेल, तर प्रकाशाची वाट सुमारे पाऊण मायक्रोमीटरने, म्हणजे जवळपास अर्ध्या तरंगलांबीने, लांबल्यासारखी होते. तरंगाचे शिखर खळग्याच्या जागी आणण्यासाठी नेमके एवढेच हवे असते, आणि त्यासाठी लागणाऱ्या विभवांतराला अर्धतरंग व्होल्टेज म्हणतात.

या हिशेबात दोनच मापे येतात: स्फटिकाची जाडी, म्हणजे ज्या अंतरावर व्होल्टेज लावले ते अंतर, आणि प्रकाशाने काटलेली लांबी. अर्धतरंग व्होल्टेज या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते. जाडी आणि लांबी सारखी असेल तर लिथियम नायोबेटला सुमारे ५१०० व्होल्ट लागतात, आणि १ मिलिमीटर जाड व १ सेंटिमीटर लांब कांडीला सुमारे ५१०. मग कांडी पातळ आणि लांब करत का जाऊ नये, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. मोकळ्या पदार्थातून जाणारा बारीक झोत विवर्तनामुळे पसरतो, आणि तो जितका बारीक तितका लवकर पसरतो. बेल प्रयोगशाळेतले आयव्हन कॅमिनो आणि एडवर्ड टर्नर यांनी १९६६ मध्ये या मर्यादेची चर्चा केली: कांडीच्या जाडीचा वर्ग तिच्या लांबीच्या प्रमाणात असावाच लागतो, नाहीतर झोत बाजूंना घासतो. १ सेंटिमीटर लांबीसाठी ही किमान जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर येते, म्हणून व्होल्टेज ५० च्या आसपास अडते. लांबी चौपट केली तर जाडी दुप्पट करावी लागते आणि व्होल्टेज फक्त निम्मे होते. काचेसारख्या ठिसूळ पदार्थाची अशी सळई घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यातून झोत अचूक पार करायचा, हे काम कुशल तंत्रज्ञाच्याही संयमाची कसोटी पाहणारे होते, आणि तरीही हाती येणारा लाभ वर्गमुळाच्या गतीनेच वाढत होता.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट म्हणजे वेव्हगाइड, अर्थात प्रकाशाला बाजूंनी धरून ठेवणारी वाहिनी. भोवतालच्या पदार्थापेक्षा किंचित अधिक अपवर्तनांक असलेली बारीक पट्टी असली, तर तिच्या कडांवर पूर्ण परावर्तन होत राहते आणि प्रकाश कितीही अंतर न पसरता जातो. असे झाले की जाडी आणि लांबी यांची गाठ सुटते. जाडी काही मायक्रोमीटरवर आणावी आणि लांबी हवी तेवढी ठेवावी. बेल प्रयोगशाळेतले स्ट्युअर्ट मिलर यांनी १९६९ मध्ये ‘एकात्मिक प्रकाशिकी’ या नावाने या कल्पनेचा आराखडा मांडला, त्यात लेसर, मॉड्युलेटर, गाळण्या असे सगळे एकाच तबकडीवर कोरण्याची दृष्टी होती. ती दृष्टी इलेक्ट्रॉनिकीतल्या एकात्मिक मंडलांवरून घेतलेली होती, आणि त्यामुळे एक गैरसमजही तिच्याबरोबर आला. ट्रान्झिस्टर लहान केला की तो वेगवान होतो आणि कमी वीज खातो, तसेच मॉड्युलेटरचेही होईल, असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात मॉड्युलेटरची आडवी मापे लहान करणे फायद्याचे आणि उभी लांबी लहान करणे तोट्याचे होते, आणि हा भेद पचायला वेळ लागला.

लिथियम नायोबेटमध्ये वाहिनी कशी करावी हा प्रश्न १९७३-७४ या दोन वर्षांत सुटला. कॅमिनो आणि कॅरुथर्स यांनी आधी स्फटिक तापवून त्याच्या पृष्ठभागातले लिथियम उडवून पाहिले. त्यामुळे अपवर्तनांक वाढलेला थर मिळाला खरा, पण तो खोल आणि आडव्या दिशेने मोकळा होता. १९७४ मध्ये आर. व्ही. श्मिट आणि कॅमिनो यांनी स्फटिकावर टायटेनियम धातूचा पातळ थर देऊन सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाला तो आत मुरवला, आणि ही रीत पुढची चार दशके धंद्याचा पाया ठरली. तिची कृती पाहिली की मापांचा खेळ स्पष्ट होतो. प्रकाशछपाईने धातूची एक पट्टी आखतात, १.५५ मायक्रोमीटरच्या प्रकाशासाठी ती साधारण ७ मायक्रोमीटर रुंद आणि १०० नॅनोमीटरच्या आसपास जाड असते. भट्टीत काही तास ठेवल्यावर टायटेनियम काही मायक्रोमीटर खोल आणि तितकेच बाजूंना पसरते आणि अपवर्तनांक शंभराव्या भागाच्या आतबाहेर वाढतो. पट्टी जास्त रुंद झाली तर वाहिनीत प्रकाशाचे एकाहून अधिक नमुने, ज्यांना मोड म्हणतात, एकाच वेळी मावतात, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असल्याने मॉड्युलेटरचा ‘बंद’ पूर्ण बंद होत नाही. ती फार अरुंद किंवा थर फार पातळ झाला, तर पकड सैल होऊन प्रकाश स्फटिकात सांडतो. मधले जे माप उरते त्यातला मोड योगायोगाने दूरसंचाराच्या प्रकाशीय तंतूतल्या सुमारे १० मायक्रोमीटर रुंदीच्या प्रकाशठिपक्याशी बऱ्यापैकी जुळतो, म्हणून तंतू थेट स्फटिकाच्या कडेला चिकटवता येतो. टायटेनियमच्या वाहिनीची पकड सैल आहे हा तिचा दोष खरा, पण तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय या जुळणीला द्यावे लागते. पुढच्या काळातल्या कितीतरी देखण्या वाहिन्या याच एका जागी अडखळल्या.

नुसती कला सरकवून प्रकाश विझत नाही. त्यासाठी लुडविग झेंडर आणि लुडविग माख यांनी अनुक्रमे १८९१ आणि १८९२ मध्ये मांडलेली व्यतिकरणमापकाची रचना या पट्ट्यांत उतरवली गेली: वाहिनी दोन फाट्यांत विभागायची, दोन्ही फाटे समांतर न्यायचे आणि पुन्हा एकत्र आणायचे. एका फाट्यातली कला अर्ध्या तरंगाने सरकली की दोन्ही प्रकाश एकमेकांना खोडतात. दोन्ही फाट्यांवर उलटसुलट व्होल्टेज दिले तर लागणारे व्होल्टेज निम्म्यावर येते. इथेही लांबी मागच्या दाराने परत आली. सैल पकडीची वाहिनी एकदम वळवली तर प्रकाश वळणावर निसटतो, म्हणून फाटे जेमतेम एखाद्या अंशाच्या कोनात उघडावे लागतात आणि ते एकमेकांत प्रकाश गळू न देण्याइतके दूर नेण्यातच कित्येक मिलिमीटर खर्च होतात. परिणामी २ ते ४ सेंटिमीटर इलेक्ट्रोडांसाठी चकती त्याहून बरीच लांब लागे, आणि एका स्फटिक-तबकडीतून मोजकीच उपकरणे निघत.

आडवे माप लहान होण्याची किंमत आणखी एका बाजूने वसूल झाली. बेल प्रयोगशाळेतच १९६६ मध्ये आर्थर ॲश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते की लेसरचा झोत पडलेल्या जागी लिथियम नायोबेटचा अपवर्तनांक हळूहळू बिघडतो. (प्रकाशाने सूक्ष्म कण पकडण्याच्या कामासाठी २०१८ मध्ये नोबेल मिळवणारे ॲश्किन ते हेच.) मोकळ्या कांडीत हा दोष सोसण्याजोगा होता, पण १० मिलिवॉट एवढा मामुली प्रकाश ५ मायक्रोमीटर गुणिले ५ मायक्रोमीटरच्या वाहिनीत कोंडला की त्याची घनता दर चौरस सेंटिमीटरला ४० हजार वॉट होते. दूरसंचार आखूड तरंगलांबींकडून १.३ आणि मग १.५५ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रकाशाकडे सरकला तो तंतूतली गळती तिथे कमी असते म्हणून. या तरंगलांबींना स्फटिकाचा हा बिघाडही फार कमी होतो, हा मॉड्युलेटर बनवणाऱ्यांना मिळालेला आयता फायदा होता.

१९८० च्या दशकात या उपकरणाची खरी गरज निर्माण झाली. तोवर लेसरचाच विद्युतप्रवाह चालू-बंद करून संदेश पाठवणे स्वस्त आणि पुरेसे होते. परंतु प्रवाह बदलला की लेसरची तरंगलांबीही क्षणभर ढळते, आणि तंतूत वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या गतीने जातात. नेहमीच्या तंतूत १.५५ मायक्रोमीटरला हा फरक दर नॅनोमीटरला आणि दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंद असतो, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. सेकंदाला १० अब्ज बिटांच्या वेगाला एक बिट १०० पिकोसेकंद टिकतो, म्हणजे तरंगलांबीत ०.१ नॅनोमीटरचा पसारा असला तरी ६० किलोमीटरवर शेजारचे बिट एकमेकांवर चढतात. १९८७ मध्ये पुढे आलेल्या अर्बियमयुक्त तंतु-वर्धकाने गळतीची चिंता मिटवल्यावर हा पसाराच लांब पल्ल्याचा मुख्य शत्रू उरला. लेसर अखंड पेटता ठेवून त्याच्या पुढे मॉड्युलेटर लावणे हा त्यावरचा उपाय होता, आणि त्यामुळे हे उपकरण प्रयोगशाळेतून दूरसंचाराच्या कपाटांत आले. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या आजच्या केबलींच्या टोकांनाही प्रकाशावर संदेश चढवण्याचे काम मॉड्युलेटरच करतात.

वेग वाढला तशी लांबीची दुसरी बाजू उघडी पडली, आणि या इतिहासातला सर्वांत कसदार अध्याय तोच आहे. आखूड इलेक्ट्रोड विजेच्या दृष्टीने एखाद्या धारित्रासारखा वागतो, म्हणजे दरवेळी तो भरावा आणि रिकामा करावा लागतो. इलेक्ट्रोड जितका लांब तितकी धारकता मोठी आणि वेग कमी. लिथियम नायोबेटच्या १ सेंटिमीटरच्या साध्या इलेक्ट्रोडाला ही मर्यादा २ गिगाहर्ट्झच्या आसपास येते. त्यावर तोडगा म्हणून इलेक्ट्रोडालाच सूक्ष्मतरंगांची वाहिनी बनवले गेले: संदेश एका टोकाने आत येतो, प्रकाशाच्या बरोबरीने पुढे जातो आणि दुसऱ्या टोकाला शोषला जातो. प्रकाशाच्या ज्या भागावर संदेशाचे जे मूल्य पडले तेच शेवटपर्यंत पडत राहावे, ही यामागची कल्पना होती. अडचण एवढीच की दोघांची चाल सारखी नव्हती. प्रकाशाला लिथियम नायोबेट २.२ अपवर्तनांकाचे वाटते, तर सूक्ष्मतरंगाला, क्षेत्राचा काही भाग हवेत आहे हे धरूनही, सुमारे ४.२ चे. १ सेंटिमीटर कापायला प्रकाशाला ७३ पिकोसेकंद लागतात आणि संदेशाला १४०. म्हणजे सेकंदाला १० अब्ज बिटांच्या वेगाला टोकाला पोहोचेपर्यंत संदेश बिटाच्या दोन-तृतीयांशाने मागे पडलेला असतो. या तफावतीमुळे पट्टविस्तार, म्हणजे उपकरणाला पेलणाऱ्या वारंवारतांचा पल्ला, आणि लांबी यांचा गुणाकार साधारण ६ गिगाहर्ट्झ-सेंटिमीटरवर बांधला जातो. लांबी वाढवून व्होल्टेज उतरवावे तर वेग जातो, लांबी कमी करून वेग साधावा तर व्होल्टेज चढते. आणि लागणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढत असल्यामुळे अब्जावधी हर्ट्झला तेवढी वीज देणारे वर्धक तयार करणे व्होल्टेज दुप्पट होताच चौपट अवघड होते.

सूक्ष्मतरंगाची चाल वाढवायची तर त्याच्या क्षेत्राचा अधिक भाग स्फटिकाबाहेर काढावा लागतो, आणि हे काम दोन थरांच्या जाडीने केले. पहिला थर सिलिकाचा, स्फटिक आणि सोन्याचे इलेक्ट्रोड यांच्यामधला, सुमारे १ मायक्रोमीटरचा. तो मुळात धातूने प्रकाश शोषू नये म्हणून दिलेला होता, पण त्यात क्षेत्र काही प्रमाणात अडकते आणि त्यामुळे संदेशाची चाल वाढते. दुसरा थर खुद्द सोन्याचा. इलेक्ट्रोडांची जाडी एक-दोन मायक्रोमीटरवरून विद्युतविलेपनाने १०, २०, प्रसंगी ३० मायक्रोमीटरपर्यंत नेली, की दोन उंच भिंतींमधल्या हवेत क्षेत्राचा मोठा वाटा येतो आणि चाल आणखी सुधारते. एखाद्या उपकरणाचा वेग वाढवण्यासाठी त्यातले सोने दहापट जाड करावे, हा सूक्ष्म-तंत्रज्ञानाच्या रूढ कल्पनेला छेद देणारा उपाय होता. त्याचा आणखी एक लाभ होता: उच्च वारंवारतेला प्रवाह धातूच्या केवळ पृष्ठभागालगत वाहतो, सोन्यात ४० गिगाहर्ट्झला जेमतेम ०.४ मायक्रोमीटर खोलीत, म्हणून उंच भिंतींचा वाढीव पृष्ठभाग रोध कमी करतो. पण सिलिकाचा थर जाड केला की व्होल्टेजचा काही भाग त्यातच संपतो, आणि इलेक्ट्रोड जवळ आणले की धारकता वाढून वाहिनीचा संरोध, म्हणजे बदलत्या विजेला होणारा विरोध, ५० ओहमच्या प्रमाण मूल्याखाली घसरतो व संदेशाचा काही अंश उगमाकडे परततो. जपानच्या एनटीटी संस्थेतल्या नोगुची, मिटोमी आणि मियाझावा यांनी या सर्व अटी एकत्र सोडवताना वाहिनीच्या दोन्ही बाजूंचा स्फटिक काही मायक्रोमीटर खरवडून तिला कण्यासारखे उंच केले, म्हणजे क्षेत्र नेमके कण्यातून जाईल आणि बाजूच्या खळग्यांत हवा किंवा सिलिका राहील. १९९४ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या अशा उपकरणाचा पट्टविस्तार ७५ गिगाहर्ट्झ होता आणि व्होल्टेज ५ च्या घरात. एकही नवा पदार्थ न आणता, केवळ मापे नव्याने बसवून साधलेली ही मजल आहे, आणि या लेखाच्या विषयात तिच्या तोडीचे उदाहरण दुसरे नाही.

दरम्यान अर्धवाहकांनी आखूडपणाचा वेगळा मार्ग धरला होता. काही नॅनोमीटर जाडीच्या थरांच्या सापळ्यात इलेक्ट्रॉन कोंडले की विद्युतक्षेत्राने प्रकाशशोषण जोरकसपणे बदलते, हे बेल प्रयोगशाळेतल्या डेव्हिड मिलर, डॅनियल शेमला आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. या परिणामावरचे मॉड्युलेटर एक-दोनशे मायक्रोमीटरचेच असतात आणि लेसरच्याच चकतीवर बसतात. मध्यम अंतरांसाठी ते रुळले, लांब पल्ल्यावर मात्र त्यांच्यातला कलेचा अनिष्ट बदल आड येत राहिला.

सिलिकॉनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्याच्या सममित स्फटिकात पॉकेल्स परिणाम जवळपास नाहीच. रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये दाखवलेला पर्याय असा, की सिलिकॉनमधले मुक्त इलेक्ट्रॉन आणि विवरे, म्हणजे विद्युतभारांचे वाहक, कमीजास्त केले की अपवर्तनांक बदलतो. सिलिकॉन आणि सिलिका यांच्या अपवर्तनांकांत फरक मोठा असल्यामुळे पकड इतकी घट्ट बसते की ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२०-२५० नॅनोमीटर उंच पट्टीत प्रकाश मावतो आणि काही मायक्रोमीटरच्या त्रिज्येत वळतो. २००४ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी १ गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारा सिलिकॉन मॉड्युलेटर जाहीर केला, पण तो अजून लांबट व्यतिकरणमापकच होता. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या मिखाल लिप्सन यांच्या गटाने केवळ १२ मायक्रोमीटर व्यासाच्या वलयात तेच काम करून दाखवले. वलयात अनुस्पंदन होते, म्हणजे परिघात तरंगांची पूर्ण संख्या बसणारा प्रकाश त्यात पुन्हा पुन्हा फिरत राहतो, त्यामुळे लहानशा परिघावरही त्याला पुष्कळ लांब वाट चालल्याचा परिणाम मिळतो.

पण त्या लहानपणाचे व्याज जबर होते. अनुस्पंदनाची तरंगलांबी मापावर इतकी हळवी असते की वाहिनीची रुंदी १ नॅनोमीटरने, म्हणजे सिलिकॉनच्या मोजक्या अणूंइतक्या अंतराने, चुकली तरी ती सुमारे १ नॅनोमीटरने सरकते, आणि थराच्या जाडीतली चूक याहूनही महागात पडते. तापमान १ अंशाने वाढले तरी ती ०.०८ नॅनोमीटरच्या आसपास ढळते. म्हणून अशा प्रत्येक वलयाशेजारी त्याला जागेवर आणणारी एक बारीक तापकपट्टी ठेवावी लागते, आणि वाचवलेल्या विजेतला वाटा ती पट्टी खाते. घट्ट पकडीचा दुसरा दोष असा, की प्रकाश वाहिनीच्या भिंतींना चिकटून चालतो. कोरताना भिंतीवर राहिलेला काही नॅनोमीटरचा खडबडीतपणाही त्याला विखुरतो, आणि टायटेनियमच्या सैल वाहिनीत नगण्य असलेली गळती इथे ठळक होते. वलयाच्या आकाराची वाहवा करणाऱ्या पुष्कळशा लिखाणात या तापकपट्टीचा हिशेब मांडलेला नसतो, हे नोंदवून ठेवणे भाग आहे.

लिथियम नायोबेटला सिलिकॉनसारखी घट्ट पकड देता आली तर दोन्हींचे गुण एकत्र येतील, हे उघड होते. पण हा स्फटिक दुसऱ्या तबकडीवर नीट पातळ वाढत नाही. फ्रान्समधल्या मिशेल ब्रुएल यांनी १९९० च्या दशकात सिलिकॉनसाठी अशी युक्ती काढली होती की हायड्रोजनचे आयन ठरावीक खोलीवर रुतवून तापवले की त्या खोलीवर पातळ थर सुटून येतो. अशाच आयन-रुतवणीने लिथियम नायोबेटचा थर सोलण्याचे काम १९९८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात झाले, आणि पुढे सिलिकावर चिकटवलेल्या अर्ध्या मायक्रोमीटरच्या थराच्या तबकड्या विकत मिळू लागल्या. तो कोरणे हीसुद्धा दीर्घकाळ डोकेदुखी होती, कारण नेहमीच्या रसायनांनी कोरताना तयार होणारे लिथियमचे क्षार कडांवरच साठतात. आरगॉनच्या आयनांचा मारा करून भिंती पुरेशा गुळगुळीत ठेवायला शिकल्यावर चित्र पालटले. २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्को लोंचार यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉड्युलेटरांत इलेक्ट्रोड सुमारे ५ मायक्रोमीटर अंतरावर होते, तरी प्रकाश त्यांना न शिवता मधून जात होता. त्यांपैकी २० मिलिमीटर लांबीच्या उपकरणाला १.४ व्होल्ट पुरले आणि ५ मिलिमीटरच्या उपकरणाला ४.४, आखूड उपकरणाचा पट्टविस्तार १०० गिगाहर्ट्झच्या घरात होता. चकतीवरची गळती अर्ध्या डेसिबेलहून, म्हणजे सुमारे अकरा टक्क्यांहून, कमी होती. चालीचा प्रश्न इथे सोन्याच्या उंच भिंतींवाचून सुटला, कारण थर इतका पातळ असतो की सूक्ष्मतरंगाचे क्षेत्र आपोआपच खालच्या सिलिकात आणि वरच्या आवरणात राहते; सिलिकाची आणि इलेक्ट्रोडांची जाडी नीट निवडली की दोन्ही चाली जुळतात. अडखळण्याची जागा मात्र जुनीच निघाली: १ मायक्रोमीटरच्या आसपासचा मोड आणि तंतूतला १० मायक्रोमीटरचा ठिपका जुळवताना चकतीत वाचवलेल्या प्रकाशाच्या कितीतरी पट प्रकाश त्या पहिल्या उपकरणांच्या कडांवर सांडत होता, आणि वाहिनीचे टोक हळूहळू निमुळते करण्याची कारागिरी त्यानंतरच्या वर्षांत वाढीला लागली.

आखूडपणाच्या टोकाचे उदाहरण झुरिकच्या ईटीएच संस्थेत २०१५ मध्ये तयार झाले. युर्ग लॉयथोल्ड यांच्या गटाने धातूच्या दोन कडांमधल्या, नॅनोमीटरांत मोजायच्या फटीत सेंद्रिय पदार्थ भरून केवळ १० मायक्रोमीटर लांबीचा व्यतिकरणमापक चालवून दाखवला. फट एवढी अरुंद की माफक व्होल्टेजनेही क्षेत्र प्रचंड होते, आणि लांबी एवढी कमी की चालीच्या तफावतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण धातूच्या कडेने चालणारा प्रकाश दर मायक्रोमीटरला विरतो, त्यामुळे इथे लांबी वाढवून व्होल्टेज उतरवण्याची सोय उरत नाही, आणि आत गेलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग धातूतच उष्णता होऊन संपतो.

१९७४ पासूनच्या या प्रवासात वाहिनीचा काटछेद मायक्रोमीटरांवरून मायक्रोमीटरच्या अंशांवर आला, इलेक्ट्रोड एकमेकांच्या निम्म्याने किंवा त्याहून जवळ सरकले, परंतु सर्वांत कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या लिथियम नायोबेट मॉड्युलेटरची लांबी आजही सेंटिमीटरांतच मोजली जाते. पॉकेल्स परिणाम दुबळा आहे तोवर ती तशीच राहणार. याच कारणाने या क्षेत्रात एकट्या व्होल्टेजला अर्थ नसतो आणि व्होल्ट व सेंटिमीटर यांचा गुणाकार सांगण्याची प्रथा पडली. २०१८ च्या त्या उपकरणांत तो २.२ ते २.८ च्या दरम्यान होता. नव्या मॉड्युलेटरची घोषणा वाचणाऱ्याने या गुणाकाराच्या शेजारी पट्टविस्ताराचा आकडा, आणि तंतूपासून तंतूपर्यंतच्या एकूण गळतीचा आकडा, दिला आहे की नाही हे आधी तपासावे.